सुईने लकवा जात नाही, वेळ जातो

दिवाळी उलटून निफाडचा पारा घसरायला लागला की आमच्या पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास उगवतो: ‘थंडीत लकवा मारला तर घाबरू नका, घरात सुई ठेवा.’ खाली कुणा चिनी प्राध्यापकाच्या नावावर सूचना. माणसाला जागचं हलवू नका, मेंदूतल्या नसा फुटतील. सुई तापवून दहाही बोटांच्या टोकांना टोचा, थेंब थेंब रक्त काढा. तोंड वाकडं असेल तर कान लाल होईस्तोवर ओढा आणि पाळ्यांनाही टोचा. तोंड सरळ झालं की मगच दवाखान्यात न्या. जोडीला अंघोळीचा सल्ला: पाणी आधी डोक्यावर घेतलं की लकवा मारतो. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

हे सगळं मी माझ्या मामांवर झालेलं पाहिलंय, म्हणून लिहितो.

द्राक्षाच्या मण्यांना थंडी बाधू नये म्हणून मामा पहाटे बागेत शेकोट्या पेटवून आले होते. साडेसहाला ओट्यावर चहाला बसले, कप हातातून निसटला. चहा धोतरावर सांडला तरी त्यांना पत्ता नाही. ओठाची उजवी कड खाली ओघळलेली आणि ‘काही नाही झालं’ म्हणताना जीभ जड. अंगावरून वारं गेलं हे मामीने ओळखलं. आणि मामेभावाने मोबाइल उघडला. घरात शिवणाची सुई सापडेना, म्हणून गोधडीची आणली.

आता एकेक मुद्दा घेऊ.

हलवलं की नसा फुटतात म्हणे. लकव्यात बहुतेक वेळा मेंदूची नस गुठळीने तुंबलेली असते, थोड्यांत ती फुटलेली असते. नस तुंबायची किंवा फुटायची ती आधीच झालेली असते. उचलून गाडीत ठेवल्याने त्यात भर पडत नाही. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, एवढंच.

दहा बोटांच्या दहा थेंबांचं गणित तर साधं आहे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, अंगात रक्त पाच लिटरच्या आसपास. बोटाच्या टोकातून अर्धा मिलिलिटर काढून मेंदूतली गुठळी कशी हलणार? मग ‘आमच्या शेजाऱ्याचं तोंड खरंच सरळ झालं’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. कधी गुठळी आपोआप विरते आणि काही मिनिटांत माणूस पूर्ववत होतो. सुई टोचली नसती तरी झाला असता. पण हा छोटा झटका पुढच्या काही दिवसांत मोठा येऊ शकतो याची वर्दी असते. बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, आणि नेमका तेव्हाच घरचा माणूस सुईवर खूश होऊन घरी बसतो.

आणि आता सगळ्यात घातक ओळ: ‘तोंड सरळ झालं की मगच न्या.’ मोठी नस तुंबली की मेंदूच्या सरासरी 19 लाख पेशी दर मिनिटाला मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मोठ्या नसेतली गुठळी तारेने ओढूनही काढतात. काही निवडक रुग्णांत त्याला 24 तासांपर्यंत वाव असतो, पण ती सोय मोठ्या शहरांत. इंजेक्शनच्या आधी सीटी स्कॅन हवाच, कारण नस तुंबलीय की फुटलीय हे बाहेरून कुणालाच कळत नाही. फुटलेली असताना तेच इंजेक्शन जीव घेईल. म्हणूनच घरी ॲस्पिरिनही द्यायची नाही. जिभेखाली बीपीची गोळी नाही, आणि पाण्याचा घोटसुद्धा नाही. गिळता येत नसेल तर तो श्वासनलिकेत जातो.

मामांच्या घरी पाऊण तास तोंड सरळ व्हायची वाट पाहिली. मग जवळ म्हणून गावातल्याच एका दवाखान्यात नेलं. तिथे ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लागली, ती संपता संपता दहा वाजले. नाशिकला सीटी झाला तेव्हा पावणेबारा. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘शेवटचे धडधाकट कधी पाहिले?’ साडेसहा म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. साडेचार तास अकरालाच संपले होते.

त्या सलाईनवाल्या डॉक्टरांवर माझा राग आहेच, पण आम्हीही चुकीच्या दारात गेलो होतो. सर्दी-पडसं, साधा खोकला, कणकण यासाठी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर उत्तम. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात रांग लावायचं कारण नाही. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली, यातलं एक जरी अचानक दिसलं तर मात्र थेट 108. राज्यात ही सेवा 2014पासून आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. फोनवर ‘लकवा वाटतोय, इतक्या वाजता सुरू झाला’ असं सांगायचं आणि सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी न्या म्हणायचं. गाडीला उशीर दिसला तर मिळेल त्या गाडीने, पण त्याच ठिकाणी.

अंघोळीचा मुद्दा पटकन संपवतो. थंडीत नसा आकसतात, रक्तदाब चढतो हे खरं. गार पाण्याने तो आणखी चढतो, मग तांब्या आधी डोक्यावर ओता नाहीतर पायावर. कोमट पाणी घ्या. बाथरूममधला खरा धोका खिडकी बंद ठेवून चालवलेल्या गॅस गिझरचा आहे. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपण्याचंही तेच. त्याबद्दल मात्र ग्रुपवर कुणी काही पाठवत नाही.

मामांचं खरं कारण नंतर कळलं. ‘बरं वाटतंय’ म्हणून दिवाळीपासून बीपीची गोळी बंद होती, तीही ऐन थंडीत. आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांचा बीपी फुकट तपासतात. केंद्र मामांच्या बागेच्या वाटेवरच आहे.

उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही, छाटणीची कात्री आता मामेभावाच्या हातात. मोटारीच्या लाईटचं वेळापत्रक मामीने दाराशी लावलेलं असतं, त्याच्याशेजारी आता आणखी एक कागद चिकटवलाय: 108, सीटी असलेल्या दोन रुग्णालयांचे नंबर, मामांच्या गोळ्यांची नावं.