त्या ३६ टक्क्यांबद्दल

ताई, नमस्कार. उत्तराला उशीर झाला. तुमची प्रतिक्रिया वाचली आणि आधी माझाच लेख पुन्हा काढून बसलो. तुम्ही म्हणता, "लहान मुलांत कोविडची रॅपिड अँटिजेन टेस्ट ३६ टक्के वेळा चुकते असं लिहून तुम्ही आईबापांना उगाच घाबरवता. माझ्या दोन्ही मुलांची किट निगेटिव्ह आली, दोघंही ठणठणीत आहेत."

पहिला मुद्दा मान्य. वाक्य माझ्या हातून ढिलं गेलं. २०२२ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय प्रकाशनाच्या एका नियतकालिकात १७ अभ्यासांचा आढावा आला होता, सहा हजारांवर मुलांचा. आकडा तिथलाच, पण तो एकूण टेस्टचा नव्हे. आरटी-पीसीआरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जास्त खात्रीच्या तपासणीत, लागण दिसलेल्या मुलांपैकी तेवढी किटमधून निसटली. हजार मुलं धरा, त्यांत शंभरांना लागण. ६४ सापडतील, ३६ सुटतील. उरलेल्या नऊशेंत जेमतेम आठ उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे ९२८ निगेटिव्हमधल्या ३६ खोट्या, चार टक्क्यांच्या आसपास.

पण आता घरात बाबा पॉझिटिव्ह आहेत आणि पोराचं अंग तापलंय. इथे दहात एक नाही, समजा निम्म्या मुलांना लागण आहे. लक्षणं असली की किट जरा बरी चालते, ७२ टक्के पकडते. तरी हिशेब केला तर पाचांतली एक निगेटिव्ह खोटी निघते. किट तीच, पट्टीही तीच! म्हणूनच आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जून २०२० पासून सांगितलं होतं, की लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा.

तुमची मुलं बरी आहेत याचा आनंदच आहे. पण त्यावरून किट बरोबर होती असं ठरत नाही. लागण झालेली बहुतेक मुलंही थोड्याच दिवसांत खेळायला लागत होती.

आणि नाकाचं काय? घरगुती किटच्या कागदावर लिहिलेलं असतं, दोन्ही नाकपुड्यांत स्वॅब पाच-पाच वेळा फिरवा. आमच्या चार वर्षांच्या भाच्याला मांडीवर धरून आम्ही दोघांनी मिळून दीड वेळा फिरवला, तेवढ्यात त्याने मान झटकली. पट्टीवर 'सी'ची रेघ मात्र झकास उमटली. ती रेघ द्रव पट्टीवरून नीट वाहिला एवढंच सांगते. स्वॅबला नाकातलं काही लागलं की नाही, हे तिला कळत नाही.

लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय. आरटी-पीसीआरचा परिच्छेद तसाच ठेवतोय.