‘सेट’चे ४६४ अर्थ आणि मराठीची गरिबी

एक संदेश गेली काही वर्षे फोनवरून फोनवर फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘सेट’ या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाला ४६४ अर्थ आहेत आणि हा विक्रम आहे, मराठीतल्या कोणत्याही शब्दाला चार-पाचांपलीकडे अर्थ नाहीत, एकेका शब्दात इतके बळ असल्यामुळेच इंग्रजी ज्ञानभाषा झाली, आणि आता मराठी माणसाचेही ‘सेट’शिवाय पान हलत नाही. पाठवणारे बहुतेक जण मराठीवर प्रेम करणारेच असतात, आणि संदेशाखाली हात जोडल्याचे किंवा डोळे पुसत असल्याचे चिन्ह असते. म्हणूनच त्यातले एकेक विधान तपासावेसे वाटले.

आधी आकडा घेऊ. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती आणि तिच्यात सुमारे ४३० अर्थ नोंदवलेले होते. केवळ या एका नोंदीचा मजकूर साठ हजार शब्दांच्या आसपास भरतो, म्हणजे एक बेताची कादंबरीच. परंतु तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले आणि हा मान ‘सेट’कडे राहिला नाही. २००० मध्ये ‘मेक’ने, २००७ मध्ये ‘पुट’ने आणि २०११ मध्ये ‘रन’ने तो पटकावला. ‘रन’चे ६४५ अर्थ लावता लावता संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने गेले. गंमत अशी की या आवृत्तीचे काम ‘ए’पासून नव्हे, तर ‘एम’ या अक्षरापासून सुरू झाले होते. ‘सेट’ मागे पडला तो त्याचे अर्थ आटले म्हणून नव्हे. ‘मेक’, ‘पुट’ आणि ‘रन’ यांचा नंबर आधी लागला म्हणून.

शिवाय हा कोश ऐतिहासिक पद्धतीचा आहे. शेकडो वर्षांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही त्यात जपून ठेवलेले असतात, आणि ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’, ‘सेट इन’ यांसारख्या जोड्यांचे अर्थही त्याच नोंदीत मोजले जातात. एका छटेचे दोन अर्थ करायचे की दोन छटा एकात बसवायच्या, हे संपादक ठरवतो. आणखी एक गोष्ट संदेशात सांगितलेली नसते. चहाच्या कपबशांचा ‘सेट’ आणि गजर ‘सेट’ करणे यांतले ‘सेट’ मुळात एक नव्हेत. समूह या अर्थाचे नाम जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधून, पंथ या अर्थाच्या शब्दापासून आले, तर क्रियापद अस्सल जुन्या इंग्रजीतले आहे. दोघांचा उच्चार एक झाला आणि पुढे त्यांचे अर्थही एकमेकांत मिसळले.

ते क्रियापद म्हणजे ‘बसणे’चे प्रयोजक रूप आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. संस्कृतातला ‘सद्’ हा धातू याच कुळातला, म्हणून सभासद, परिषद आणि उपनिषद हे शब्द ‘सेट’चे दूरचे भाऊबंद ठरतात. आता मराठीचे ‘बसवणे’ पाहा. सोनार कोंदणात खडा बसवतो, जाणकार निखळलेले हाड बसवतो, गवंडी लादी बसवतो, दिग्दर्शक नाटक बसवतो, सरकार कर बसवते आणि भाद्रपदात घरोघरी गणपती बसवतात. यांतल्या पहिल्या दोन ठिकाणी इंग्रजीत नेमका ‘सेट’च येतो. बाकीच्या ठिकाणी तो सहसा येत नाही, आणि त्याबद्दल कोणी इंग्रजीला गरीब म्हणत नाही. नुसत्या ‘बसणे’कडे वळलो, तर घसा बसतो, गाळ बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, व्यवसायात जम बसतो आणि नवा सदरा अंगाला बसतो.

पण मराठीचा खरा गडी ‘लागणे’ हा आहे. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, वेळ लागतो, आग लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, लग्न लागते, ग्रहण लागते, सुतक लागते. भाजी तिखट लागते, झाडाला आंबे लागतात, फोन लागत नाही, चित्रपटगृहात नवा सिनेमा लागतो, शेजारचे गृहस्थ नात्याने मामा लागतात आणि मूल एक दिवस चालू लागते. गॅसवरच्या दुधाकडे लक्ष नसले की ते पातेल्याला लागते आणि मग त्याचा चहा कोणी पीत नाही. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर ‘चिपळूणची गाडी लागली’ असे कोणी म्हणाले की माणसे पिशव्या उचलून फलाटाकडे धावतात. त्याच गाडीत, कुंभार्ली घाटातल्या चौथ्या-पाचव्या वळणावर, ‘गाडी लागली’ असे कोणी कण्हत म्हणाले की शेजारचा प्रवासी खिडकी मोकळी करून देतो. शब्द तेच, क्रमही तोच, तरी ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणे’च्या नोंदीला भरपूर जागा दिली आहे, त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तेव्हा चार-पाच अर्थांचे विधान करणाऱ्याने निदान हे एक पान उघडून पाहायला हरकत नव्हती.

याची दुसरी बाजूही आहे. इंग्रजीत सूर्य ‘सेट’ होतो, प्रश्नपत्रिका ‘सेट’ होते, सापळा ‘सेट’ होतो, किंमत ‘सेट’ होते आणि दहीही ‘सेट’ होते. मराठीत सूर्य मावळतो, प्रश्नपत्रिका काढतात, सापळा लावतात, किंमत ठरवतात आणि दही विरजतात किंवा लावतात. जिथे इंग्रजी एका शब्दावर भागवते, तिथे मराठीने निरनिराळे शब्द ठेवले आहेत. संदेशाचाच निकष उलटा फिरवला तर याला श्रीमंती म्हणावे लागेल. मी तसे म्हणत नाही, कारण मुळात तो निकषच मला मान्य नाही. रोजच्या वापरातली छोटी क्रियापदे सगळ्याच भाषांत अशी पसरतात.

ज्ञानभाषेचे विधान तर अगदीच उलटे आहे. शास्त्राला अनेकार्थी शब्दाची अडचणच होते, त्यामुळे तिथे तो एका अर्थात बांधून घ्यावा लागतो. गणितात ‘सेट’ला एकच अर्थ आहे, आणि ती संकल्पना इंग्रजीत जन्मलीही नाही. गेओर्ग कँटर याने १८९५ मध्ये तिची प्रसिद्ध व्याख्या जर्मन भाषेत केली, तेव्हा त्याने ‘मेंगे’ हा शब्द वापरला होता. इंग्रजीने त्याला ‘सेट’ म्हटले, हिंदीने ‘समुच्चय’ आणि मराठीने ‘संच’. शाळेत संचाचे छेद आणि संयोग शिकलेल्या कोणालाही शब्द मराठी असल्यामुळे काही कमी समजले असेल, असे मला वाटत नाही.

‘सेट’शिवाय आपले चालत नाही, हे शेवटचे विधान अर्धे खरे आहे. टीव्हीचा सेट, दागिन्यांचा सेट, मालिकेचा सेट हे शब्द आता आपलेच झाले आहेत. पण त्यांच्याबरोबर इंग्रजीचे ४३० अर्थ आले नाहीत. आपण हवे तेवढे घेतले आणि काही पदरचे घातले. कार्यालयात ‘सेटिंग’ लावणे म्हणजे काय, हे इंग्रजी कोशात शोधून सापडणार नाही. महाराष्ट्र आणि गोव्यात सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी होणारी ‘सेट’ ही तर आद्याक्षरांची बनलेली, वेगळीच वस्तू आहे. तरीही ‘तो सेट झाला आहे, पण अजून सेट झालेला नाही’ हे वाक्य तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कोणाही तरुणाला उलगडून सांगावे लागत नाही.