‘डबल अ‍ॅम्प लावा, लिमिटर काढा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गणपती तोंडावर आले की साउंडवाल्यांच्या ग्रुपवर ज्ञानाला भरती येते. सध्या ठाण्यापासून पनवेलपर्यंत फिरणाऱ्या मेसेजचं सार असं: स्पीकर जास्त पॉवरने जळत नाही, कमी पॉवरच्या अ‍ॅम्पने जळतो, म्हणून दुप्पट अ‍ॅम्प लावा. लिमिटर (सिग्नलला ठरवलेल्या पातळीवर अडवणारी सोय) बेसचा पंच खातो, तो काढा. भीती वाटली तर अ‍ॅम्पचा नॉब अर्ध्यावर ठेवा. अ‍ॅम्पमागचं क्लिप लिमिटरचं बटण ऑन असलं की बाकी काही लागत नाही. आणि शेवटी, लिमिटर हा पोलिसांच्या डेसिबलसाठी असतो. हे वाचून घरातल्याच भाच्याने घणसोलीच्या एका हळदीआधी प्रोसेसरमधले (मिक्सर आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये बसणाऱ्या यंत्रातले) सगळे लिमिटर बायपास करून टाकले. आता उत्तर देणं भाग आहे.

“कमी पॉवरने स्पीकर जळतो.” साफ चूक. कॉइल, म्हणजे स्पीकरमधलं तारेचं वेटोळं, उष्णतेने जळते आणि उष्णता येते कॉइलमध्ये सतत जिरणाऱ्या सरासरी पॉवरमधून. १०० वॉटचा अ‍ॅम्प १,००० वॉटच्या बेसला, म्हणजे बेसच्या स्पीकरला, लावून रात्रभर लाल दिव्यावर (क्षमतेबाहेर गेल्याची खूण) ठेवा. ऐकवणार नाही, पण कॉइलला धक्का लागणार नाही.

यात अर्धं सत्य आहे, ते देऊन टाकतो. अ‍ॅम्प कडक क्लिपमध्ये गेला की लाटेचा माथा कापला जातो, ती चौकोनी होत जाते आणि ५०० वॉटचा अ‍ॅम्प सरासरी १,००० वॉटकडे सरकतो. पॅसिव्ह टॉपमध्ये (एकाच अ‍ॅम्पवर मोठा आणि छोटा ड्रायव्हर चालणाऱ्या वरच्या पेटीत) बेसचा भाग कापला जातो, वरच्या पट्टीतला वाढतच राहतो, शिवाय क्लिपिंगने तयार झालेले हार्मोनिक्सही (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) क्रॉसओव्हरमधून (आवाज पट्ट्यांत वाटणाऱ्या सर्किटमधून) थेट छोट्या ड्रायव्हरवर जातात. तो ड्रायव्हर उडतो, हे खरं. पण तो पॉवर कमी पडल्याने उडाला का? त्याच्या वाट्याला झेपेल त्यापेक्षा जास्त पॉवर आली म्हणून उडाला.

‘दुप्पट’ हा आकडा कुठून आला हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असतं, तर त्याने पुढचं वाक्य लिहिलंच नसतं. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस-२ हे १९८४ चं मानक बघा. त्यात स्पीकरला २ तास पिंक नॉइज (सगळे सूर असलेला चाचणीचा खरखराट) देतात आणि त्या नॉइजची शिखरं सरासरीच्या ६ डीबी (डेसिबल) वर असतात. म्हणजे व्होल्टेज दुप्पट, क्षणिक पॉवर चौपट. आता १८ इंची, ८ ओहम, १,००० वॉट एईएसचा बेस घ्या. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: सरासरी ८९ व्होल्ट, शिखरं १७९ व्होल्ट. ८ ओहमला २,००० वॉट देणाऱ्या अ‍ॅम्पची साइन (एकाच सुराची) लाट १२६ व्होल्ट आरएमएस (वरच्यासारखीच सरासरी) असते आणि तिचं शिखरही बरोबर १७९ व्होल्ट. दुप्पट अ‍ॅम्प घ्यायचा तो एवढ्याचसाठी, की ढोलाचा एक ठोका न कापता जावा. पण तोच अ‍ॅम्प लांब सिंथ बेसच्या सुरावर सलग २,००० वॉट ओतू शकतो, क्लिपमध्ये गेला तर त्याहून जास्त. म्हणजे अ‍ॅम्प जितका मोठा, तितकी लिमिटरची गरज जास्त. मेसेजने नेमकं उलटं सांगितलंय.

आणि एईएसचा आकडा २ तासांचा आहे. हळद सहा तास चालते, वर डीजे सगळं आधीच कॉम्प्रेस झालेलं वाजवतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १५० अंशांनी तापली तर रोध जवळजवळ ६० टक्क्यांनी वर जातो आणि त्याच व्होल्टेजला आवाज बसतो. मग कोणीतरी म्हणतं, “बेस कमी झाला रे,” आणि फेडर वर जातो. पुढचं रीकोनवाला (स्पीकरचा कोन आणि कॉइल बदलून देणारा) सांगतो. कोन काढल्यावर कॉइल काळी, वार्निश करपलेलं, वेटोळी सुटलेली दिसली तर ती उष्णतेने गेली. तांबं लखलखीत पण फॉर्मरची (कॉइल गुंडाळलेल्या नळीची) खालची कड चेपलेली, स्पायडर (तिला मधोमध धरणारी जाळी) फाटलेला असेल, तर कोन गरजेपेक्षा जास्त हलला. दोन वेगळे आजार आहेत, म्हणून लिमिटरही दोन लागतात: उष्णतेसाठी आरएमएस, कोनाच्या हालचालीसाठी पीक.

“लिमिटर पंच खातो.” चुकीचा लावला तर खातोच. अ‍ॅटॅक म्हणजे त्याला पकडायला लागणारा वेळ, रिलीज म्हणजे सोडायला लागणारा. ४० हर्ट्झची एक लाट २५ मिलिसेकंदांची असते. तिथे ०.३ मिलिसेकंद अ‍ॅटॅक आणि झटपट रिलीज ठेवलात तर लिमिटर लाटेच्या आतच चढउतार करतो आणि बेस फाटल्यासारखा वाजतो. बेसच्या पीक लिमिटरला १६ मिलिसेकंद अ‍ॅटॅक आणि त्याच्या १६ पट, म्हणजे २५० च्या आसपास रिलीज द्या. १.२ किलोहर्ट्झच्या वर चालणाऱ्या ड्रायव्हरला ०.५ आणि ८ मिलिसेकंद. आरएमएस लिमिटर मात्र संथ हवा, सेकंदांच्या हिशोबात. ठोका सोडून द्यायचा आणि सतत चाललेला भार ओढून धरायचा, हे त्याचं काम.

आकडे वरच्याच बेसचे देतो. आरएमएस लिमिटर एईएसच्या अर्ध्या पॉवरवर, म्हणजे ६३ व्होल्ट. पीक लिमिटर साइनवर मोजून १२६ व्होल्ट. कोन आदळल्याचा आवाज आला तर आणखी २-३ डीबी खाली. अ‍ॅम्पचा गेन ३२ डीबी, म्हणजे ४० पट असेल, तर प्रोसेसरच्या आउटपुटला हे अनुक्रमे ६.२ आणि १२.२ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत डेसिबल) होतात. गेन २६ डीबी असेल तर दोन्हींत ६ मिळवा. प्रोसेसरमध्ये एकच लिमिटर असेल तर मी ८९ व्होल्टच्या वर जाऊ देणार नाही. ७५ वॉट एईएस, ८ ओहमच्या ड्रायव्हरला हेच आकडे १७ आणि ३५ व्होल्ट. त्यामुळे मिक्सरच्या मास्टरवर एकच लिमिटर टाकून मोकळं होणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, बेस ज्या ६३ व्होल्टवर निवांत चालतो त्यावर हा ड्रायव्हर ५०० वॉट खात असतो.

हिशोबावर विसंबू नका, मोजा. अ‍ॅम्पमधून स्पीकॉन (स्पीकरच्या वायरचा प्लग) काढा, आउटपुटला ट्रू-आरएमएस मीटर लावा आणि उघड्या टोकांना हात लावू नका, तिथे शॉक बसण्याइतके व्होल्ट असतात. ५० हर्ट्झची साइन सोडा, मीटर ठरवलेल्या आकड्याच्या बराच वर न्या, मग थ्रेशोल्ड (लिमिटर जिथे पकडायला लागतो ती पातळी) खाली आणत त्या आकड्यावर थांबा. एक लिमिटर लावताना दुसरा बायपास ठेवा. शेवटी इनपुट आणखी ६ डीबी वाढवा. मीटर हललं नाही तर लिमिटर पकडतोय. स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झच्या वर खोटं बोलतात, म्हणून टॉपच्या अ‍ॅम्पचा गेन प्रोसेसर वगळून ५० हर्ट्झवर मोजा आणि थ्रेशोल्ड त्यावरून काढा. एका चॅनेलवर दोन डबे पॅरलल असले तरी व्होल्टचा आकडा तोच राहतो. ब्रिज केलं (दोन चॅनेल जोडून एक केला) की मात्र गेन ६ डीबी वाढतो, थ्रेशोल्ड तेवढा खाली आणायलाच हवा.

एक गोष्ट लिमिटरही करू शकत नाही. पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेला) डबा ३८ हर्ट्झला ट्यून असेल तर त्याच्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो लिमिटच्या आतल्या व्होल्टेजलाही बाहेर येतो. तिथे ३५ च्या आसपास २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) हवा.

पोलिसांचा मुद्दा दोन वाक्यांत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे. लिमिटरला फक्त व्होल्ट कळतात, पेटी खाडीकडे तोंड करून ठेवलीय की शेजाऱ्याच्या खिडकीकडे हे त्याला कळत नाही.

“क्लिप लिमिटर पुरेसा आहे.” तो अ‍ॅम्पच्या स्वतःच्या टोकाला जागा होतो. २,००० वॉटच्या अ‍ॅम्पमध्ये तो २,००० वॉटला जागा होणार, तुमची १,००० वॉटची कॉइल तोवर गेलेली असेल.

“नॉब अर्ध्यावर ठेवा.” नॉब अ‍ॅम्पची कमाल पॉवर कमी करत नाही, फक्त तिथवर पोचायला मिक्सरमधून जास्त सिग्नल द्यावा लागतो. आणि मिक्सरकडे तेवढा सिग्नल असतोच. उलट अर्ध्या नॉबवर लिमिटर मोजला आणि कार्यक्रमात कोणी नॉब पूर्ण फिरवला, तर सगळी मोजणी वाया. म्हणून मोजताना नॉब पूर्ण उघडे ठेवा, मोजून झाल्यावर त्यांवर टेप मारा आणि प्रोसेसरला पासवर्ड टाका. भाच्याला तो सांगू नका.