फ्योर्ड ऑक्टोबरात गोठत नाहीत
ग्रुपवर फिरतंय की सप्टेंबर संपला की नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, गोठतात, बोटी बंद होतात, तिकिटं रद्द करा. असं काही नाही. फ्योर्डमध्ये समुद्राचं खारं पाणी असतं आणि अटलांटिकचा उबदार प्रवाह त्या किनाऱ्याला लागूनच वाहतो. फ्लाम ते गुडवांगेन या फ्योर्डकाठच्या गावांमधली बोट बारमाही चालते. वाटेतला नेरॉयफ्योर्ड एके ठिकाणी जेमतेम २५० मीटर रुंद, दोन्हीकडचे कडे मान मागे टाकूनच बघायचे. फ्लामची रेल्वेही वर्षभर असते. २० किलोमीटरांत ८६० मीटरहून जास्त चढते. फेऱ्या मात्र उन्हाळ्यापेक्षा कमी, त्यामुळे वेळापत्रक बघूनच हॉटेल ठरवा. बंद होतो तो ट्रोलस्टिगेनचा घाटरस्ता, हिवाळाभर. आणि बर्गेन शहरात छत्री नको, रेनकोट न्या. तिथला पाऊसही कोकणासारखा आडवा झोडपतो.