एड्रियन न्यूईंकडे पदवी आहे : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

दहावी-बारावीच्या मुलांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘शाळेने हाकललेला, एकही पदवी नसलेला एड्रियन न्यूई फॉर्म्युला वनचा सर्वांत मोठा एरोडायनॅमिक्स इंजिनिअर झाला. मग डिग्री हवी कशाला?’

यातलं अर्धंच खरं आहे. इंग्लंडमधल्या रेप्टन शाळेने त्यांना सोळाव्या वर्षी काढलं, हे न्यूईंनी स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. पण त्याच आत्मचरित्रात पुढचंही आहे, आणि मेसेजने नेमकं तेच गाळलं. ते आधी टेक्निकल कॉलेजात गेले, मग साउदॅम्प्टन विद्यापीठात. 1980 साली तिथून एरोनॉटिक्सची पदवी घेतली, तीही प्रथम श्रेणीत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता ‘ग्राउंड इफेक्ट’वर : गाडीच्या तळाला असा आकार द्यायचा की खालची हवा वेगाने जाते, तिचा दाब घटतो आणि गाडी रस्त्याला धरून राहते. त्या काळी रेसिंगमध्ये याच तंत्राची चलती होती, त्यामुळे हा अभ्यास थेट कामाचा ठरला. पदवीनंतर लगेच फिटीपाल्डी संघात नोकरी. पुढे मार्च, विल्यम्स, मॅक्लॅरेन, रेड बुल. 2025पासून ते अॅस्टन मार्टिनमध्ये आहेत.

ते आजही ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलने रेखाटतात, हे मात्र खरं. मला तर त्यांची हीच गोष्ट सर्वांत आवडते.

ऐन प्रवेशाच्या दिवसांत एखादं मूल या मेसेजवर विसंबून कॉलेज सोडेल, ही खरी काळजी आहे. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.