डावखुऱ्यांचं गणित वेगळं आहे

बुलपप रायफलींवरच्या तुमच्या लेखात केलटेक आरडीबी या रायफलीला ‘स्वस्तातला पर्याय’ आणि टेव्हॉर एक्स९५ ला ‘खरी बुलपप’ म्हटलंय. मी टेक्सासमध्ये राहतो, डावखुरा आहे, आणि मला हे तितकंसं पटलं नाही.

बुलपपमध्ये मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) ट्रिगरच्या मागे असतं, त्यामुळे रिकामं काडतूस जिथून बाहेर उडतं ती खिडकी थेट गालापाशी येते. टेव्हॉर उजव्या बाजूने काडतूस फेकते. डाव्या खांद्यावरून चालवायची तर डावखुऱ्यांसाठीचा वेगळा बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) विकत घ्या, रायफल उघडा, बाजू बदला. म्हणजे आधीच महाग, वर हा भुर्दंड. आरडीबी काडतूस सरळ खाली टाकते. खांदा कुठलाही असो, पितळेचा ढीग पायाशीच! १७.३ इंचांची नळी असूनही अख्खी रायफल जेमतेम २७ इंचांची.

मात्र आरडीबीचा गॅस, म्हणजे गोळी झाडल्यावर यंत्रणा चालवणारा वायू, ज्याचा त्याने जुळवून घ्यावा लागतो. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरायची, झाडायची, बोल्ट मागे अडकला की नाही ते बघायचं, नसेल तर गॅस किंचित वाढवून पुन्हा. काडतुसांचा ब्रँड बदलला की कधी कधी हे सगळं पहिल्यापासून. ज्यांना ही कटकट नको, त्यांनी टेव्हॉरचे जास्तीचे पैसे खुशाल मोजावेत. ती लष्करी वापरासाठीच घडलेली आहे, आपल्या सीआरपीएफच्या कोब्रा या कमांडो दलातल्या जवानांच्या हातातही एक्स९५ दिसते.

पण महिन्यातून एखाद्या शनिवारी रेंजवर जाणाऱ्याने उरलेल्या पैशांत चांगली ऑप्टिक (नेम धरायची दुर्बीण) आणि पेटीभर काडतुसं घ्यावीत, असं माझं मत.