पोर्तुगालने ड्रग्जच्या विक्रीला परवानगी दिलेली नाही

‘पोर्तुगालने ड्रग्ज कायदेशीर केले आणि गुन्हे घटले’ हे मी वाचलेल्या एका लेखातलं वाक्य चुकीचं आहे. जुलै २००१ पासून तिथे फक्त स्वतःच्या वापरापुरता, साधारण दहा दिवसांचा, साठा जवळ असणं फौजदारी गुन्हा राहिलेलं नाही. विकणं आजही गुन्हाच आहे, त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. स्वतःच्या वापराचा साठा घेऊन पकडलेल्याला कोर्टाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे नेतात आणि व्यसन असेल तर उपचारांकडे वळवतात. खरं काम या उपचारांनी केलं, आणि लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही.

माझा थोरला भाऊ गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढायचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, खालून काडी, बोटांची टोकं कायम काळी पडलेली. एका पुडीपायी आत गेला आणि बाहेर आला तो चार नव्या विक्रेत्यांची ओळख घेऊन. आपल्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातही कलम ६४अ आहे, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं. आम्हाला ते ना पोलिसांनी सांगितलं, ना वकिलाने. आई तर घरातली भांडी विकून जामिनाचे पैसे जमवत होती.